लहानग्याला घेऊन परदेशी निघताय? तिकिटाआधी थोडा विचार

पूर्वी एप्रिल महिना उजाडला की दवाखान्यात येणारे आईवडील विचारीत, "डॉक्टर, बाळाला घेऊन महाबळेश्वरला गेलो तर बाधणार नाही ना?" आता हाच प्रश्न दुबई, सिंगापूर, बँकॉक आणि बाली यांच्याविषयी विचारला जातो. कुणाचा भाऊ आखातात नोकरीला असतो, कुणाची बहीण सिंगापुरात स्थायिक झालेली असते, तर कुणी चार वर्षे पैसे साठवून पहिल्यांदाच विमानात बसणार असतो. आनंदाची गोष्ट आहे. माझी तक्रार एवढीच, की हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो तोवर तिकिटे काढून झालेली असतात. मग डॉक्टरने करायचे काय, तर औषधांची यादी लिहून द्यायची. खरे म्हणजे औषधांच्या यादीपेक्षा ठिकाणाची निवड मुलाच्या प्रकृतीवर जास्त परिणाम करते. म्हणून आज त्याविषयी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दीड वर्षाच्या मुलाला आयफेल टॉवर आणि आपल्या गावची पाण्याची टाकी यांत काही फरक वाटत नाही. या वयात सहल असते ती आईवडिलांची, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती आपल्यासाठी आहे हे एकदा मान्य केले, की "मुलाला सगळे दाखवायचे" हा हट्ट सुटतो आणि मुलाला झेपेल असे ठिकाण निवडणे सोपे जाते.

गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा थांबवावे लागले ते मुक्तिनाथच्या यात्रेला निघालेल्यांना. नेपाळ म्हणजे आपल्या लोकांना परदेश वाटतच नाही. व्हिसा लागत नाही, भाषा कळते, पशुपतिनाथ आहे. एका कुटुंबाचे उदाहरण देतो. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि सोळा महिन्यांची नात. काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ असा आठ दिवसांचा बेत होता. यात्रा कंपनीच्या पत्रकावर "आबालवृद्धांसाठी" असे ठळक छापले होते. मुलगी दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेली, पहिल्या वर्षात दोनदा छातीत घरघर होऊन माझ्याकडे दाखल झालेली. सूनबाई लस विचारायला आल्या होत्या. मी विचारले, "मुक्तिनाथ किती उंचीवर आहे हे सांगितले का कुणी?" कुणीच सांगितले नव्हते.

काठमांडू समुद्रसपाटीपासून साधारण चौदाशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढेच. पोखरा तर त्याहून खाली. या दोन्ही ठिकाणी निरोगी मुलाला उंचीचा काही त्रास होत नाही. मुक्तिनाथ मात्र ३७०० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब इतका कमी होतो, की प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या गावच्या मानाने दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी भरतो. अडीच हजार मीटरच्या वर गेले की उंचीचा आजार होऊ शकतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. मोठा माणूस हे बोलून दाखवतो. सोळा महिन्यांचे मूल फक्त किरकिर करते, दूध पीत नाही, ओकते. आईला वाटते दात येत असतील किंवा प्रवासाने दमले असेल. आजार वाढून फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागले तर त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. रात्रीच्या वेळी, थंडीत, त्या डोंगरी रस्त्याने ते किती जमेल याचा विचार करावा. शिवाय शरीराला उंचीची सवय व्हायला वेळ लागतो, आणि सहल तर पोखऱ्याहून जीपने किंवा विमानाने झपाट्याने वर जाते.

दुसऱ्या दिवशी आजी स्वतः आल्या. "अहो डॉक्टर, देवाच्या दारात जायचं, तिथं कसलं काही होतंय लेकराला?" त्यांची ही इच्छा वीस वर्षांची होती आणि मला ती मोडायची नव्हती. मी म्हटले, "आजी, तुम्ही जरूर जा. तुमची साखर आणि रक्तदाब तपासून देतो. पण नातीला आणि सूनबाईंना पोखऱ्यातच राहू द्या." आजी रागावूनच गेल्या. शेवटी तसेच ठरले. माय-लेकी दोन दिवस फेवा तलावाच्या काठी राहिल्या, बाकीचे दर्शन करून आले. आजोबांचे डोके त्या रात्री इतके दुखले, की त्यांनी परत आल्यावर मला फोनवर सांगितले, "पोरीला नेलं नाही ते बरं झालं." आजी अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

हाच विचार स्वित्झर्लंडलाही लागू आहे. युरोपच्या बहुतेक सहलींत युंगफ्राऊयोख असते. ते रेल्वे स्थानक ३४५४ मीटरवर आहे, आणि इंटरलाकेनसारख्या सखल गावातून माणूस सुमारे दोन तासांत तिथे पोहोचतो. दोन वर्षांखालील मुलाला तिथे नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. खालची तळी आणि कुरणे काही कमी सुंदर नाहीत. आईने वर जावे, बाबांनी मूल सांभाळावे, आणि दुसऱ्या दिवशी उलट. भूतानमध्ये पारो आणि थिंफू ही गावे २२०० ते २४०० मीटरच्या दरम्यान आहेत, तिथे निरोगी मुलाला सहसा अडचण येत नाही. छातीचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर मात्र आधी तपासणी हवीच.

आता प्रवासाचे तास. लोक विमानाचे तास मोजतात आणि गावाहून मुंबईपर्यंतचे विसरतात. आपल्या भागातून मुंबईला पोहोचायला रात्रभर, विमानतळावर तीन तास आधी, आणि मग विमान. मुंबईहून कोलंबो साधारण अडीच तास, दुबई तीन ते साडेतीन, बँकॉक चार-साडेचार, सिंगापूर साडेपाच, मॉरिशस सहाच्या आसपास, लंडन नऊ-दहा तास. लहान मुलासाठी दारापासून दारापर्यंत वीस तासांच्या आत बसणारे ठिकाण निवडावे आणि मुंबईत एक रात्र मुक्काम करावा. घड्याळाचाही प्रश्न असतो. श्रीलंकेची वेळ आपल्यासारखीच, दुबई दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास पुढे. एवढा फरक मूल दोन दिवसांत पचवते. साडेचार-साडेपाच तासांच्या फरकाने लंडनमध्ये ते पहाटे तीनला उठून खेळायला बसते, आणि आईबाप सहलीचा पहिला आठवडा अर्धवट झोपेत काढतात.

विमान उतरू लागले की कानात दडा बसतो आणि मुले रडतात. त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली, पाणी, काहीतरी गिळायला द्यावे. जोराची सर्दी किंवा कान दुखत असेल तर निघण्यापूर्वी दाखवून घ्यावे. बाळाचे दूध व अन्न प्रवासापुरते जवळ ठेवायला सुरक्षा तपासणीत मुभा असते, त्यामुळे उपाशी ठेवण्याचे कारण नाही.

माझ्या अनुभवात परदेशी गेलेली मुले आजारी पडतात ती बहुतेक जुलाब-उलट्यांनी. त्यामुळे ठिकाण ठरवताना मी पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. सिंगापुरात नळाचे पाणी सरळ पिता येते. लहान मुलाच्या आईला याचे मोल काय, हे बाटल्या उकळत बसलेल्या आईलाच कळेल. नेपाळ, थायलंड, बाली, श्रीलंका इथे उकळलेले किंवा सीलबंद पाणीच द्यावे, आणि दात घासायलाही तेच. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे, रस्त्यावरचे सरबत नको. सोललेले केळे उत्तम.

अंगावर पिणारे सहा-आठ महिन्यांचे बाळ या बाबतीत सर्वांत सुरक्षित असते. लोकांना वाटते एवढ्याशा जिवाला कसे न्यायचे, पण खरे अवघड वय त्यानंतरचे. एक ते अडीच वर्षांचे मूल चालते, पळते, जमिनीवरचे उचलून तोंडात घालते आणि सांगितलेले ऐकत नाही. चार वर्षांचे झाले की पुन्हा सोपे.

जलसंजीवनीची पाकिटे सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत असावीत. एक मोठे पाकीट बरोबर एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे. अर्ध्या पेल्यात थोडी पूड टाकण्याची आपली सवय धोक्याची आहे, क्षाराचे प्रमाण चुकते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच साधे मिश्रण पाजून पटकीने मरणारी माणसे वाचवली होती. त्यापेक्षा भारी औषध आजही परदेशातल्या मोठ्या रुग्णालयात मिळणार नाही. सोबत जस्ताचे औषध चौदा दिवस द्यायचे असते, त्याचा डोस वयाप्रमाणे लिहून घ्यावा. मूल पाच-सहा तास लघवी करीत नसेल, सुस्त पडले असेल, शौचात रक्त असेल किंवा प्यायलेले सगळे ओकत असेल, तर हॉटेलात बसून राहू नये.

डास हा दुसरा मुद्दा. हिवतापाच्या बाबतीत आपले शेजारी आपल्या पुढे गेले आहेत. मॉरिशसला १९७३ साली, सिंगापूरला १९८२ साली, मालदीवला २०१५ साली आणि श्रीलंकेला २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त म्हणून प्रमाणपत्र दिले. डेंग्यू मात्र सिंगापूर, थायलंड, बाली, श्रीलंका, मालदीव सगळीकडे आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून लांब बाह्यांचे कपडे दिवसाच हवेत. अंगाला लावायचे डासांचे मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये, आणि मोठ्या मुलाच्याही हाताच्या पंजांना नको, कारण पंजे तोंडात जातात. ताप आल्यास फक्त पॅरासिटामॉल द्यावे, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नव्हे. तेही आपल्याकडचे न्यावे. पॅरासिटामॉलची बाटली प्रत्येक देशात वेगळ्या तीव्रतेची असते आणि "एक चमचा" म्हणजे किती औषध, हे त्यावर अवलंबून असते.

आफ्रिकेतील जंगल सफारीचे वेड अलीकडे वाढले आहे. केनियाला लहान मूल नेण्याची घाई करू नये. तिथे घातक प्रकारचा हिवताप आहे, आणि पीतज्वराची लसही लागते. ही लस सहसा नऊ महिन्यांखालील बाळाला देत नाहीत, ती सरकारमान्य ठरावीक केंद्रांतच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. प्रमाणपत्राविना परत आल्यास आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. सिंह कुठे पळून जात नाहीत. मूल शाळेत जाऊ लागल्यावर पाहावेत.

बालीविषयी थोडे सावध सांगतो. बेट सुंदर आहे, पण २००८ सालापासून तिथे रेबीज आहे आणि देवळांच्या परिसरात माणसाळलेली माकडे आहेत. ती हातातला खाऊ ओढतात, ओरबाडतात. लहान मुलाची उंची अशी, की चावा तोंडावर किंवा मानेवर बसतो, आणि तो सर्वांत धोक्याचा. चावा किंवा ओरखडा झाल्यास पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी लागते, खोल जखमेत त्यासोबत आणखी एक इंजेक्शन लागते आणि ते सगळीकडे लगेच मिळतेच असे नाही. मूल पळते झाले असेल तर मी बाली सुचवत नाही. निदान माकडांची देवळे तरी वगळावीत.

ऋतूची गोष्ट आपण शेतकरी माणसे विसरू नये. आपली सुट्टी मे महिन्यात, आणि मे ते सप्टेंबर दुबईत पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर असतो. बाहेर भट्टी आणि दुकानांच्या इमारतीत कडाक्याचा गारवा. लहान मूल या ये-जा मध्ये हमखास आजारी पडते, शिवाय उष्माघाताची भीती. स्वस्त भाड्याच्या जाहिराती नेमक्या याच दिवसांत येतात हेही लक्षात ठेवावे. दुबई नोव्हेंबर ते मार्चमध्ये करावी, म्हणजे दिवाळीनंतर. मे महिन्यातच जायचे असेल तर मॉरिशस चांगले. तिथे तेव्हा थंडी सुरू होऊ लागते, पाऊस कमी होतो आणि मराठी बोलणारी घरेही भेटतात. मालदीव आणि श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात मेच्या सुमारास पावसाळा लागतो. नेपाळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वच्छ असते. बालदमा असलेल्या मुलाला मार्च-एप्रिलमध्ये काठमांडू किंवा उत्तर थायलंडला नेऊ नये, त्या दिवसांत तिथे धूर आणि धूळ कोंडलेली असते.

मालदीवबद्दल एक बाब सहल विकणारे सांगत नाहीत. दूरच्या बेटांवर समुद्री विमानाने नेतात, आणि ती विमाने फक्त दिवसा उडतात. रात्री मुलाला आकडी आली किंवा श्वास लागला तर माले शहरातील रुग्णालय गाठायला सकाळ व्हावी लागेल किंवा बोट मिळावी लागेल. जायचेच असेल तर मालेपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या बोटीच्या अंतरावरचे बेट घ्यावे. हॉटेल आणि मुलांचे रुग्णालय यांतले अंतर हे मी कोणत्याही ठिकाणासाठी विचारतोच. सिंगापूरमध्ये केके महिला व बाल रुग्णालय, कोलंबोत लेडी रिजवे, दुबईत अल जलीला अशी खास मुलांची मोठी रुग्णालये आहेत. तिथला खर्च, विशेषतः सिंगापूर आणि दुबईचा, आपल्याला पेलणारा नसतो. म्हणून प्रवासविमा काढावा आणि त्यात मुलाचे नाव व जुना आजार लिहिलेला आहे हे डोळ्यांनी वाचावे. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा आहे, बाकी ठिकाणी सक्ती नसली तरी आपण करावी.

आजीबाईंच्या खाऊच्या डब्याबद्दलही सांगायला हवे. नाचणीचे सत्त्व, मेतकूट, भाजणीचे पीठ न्यावे, मूल परक्या मुलखात ओळखीच्या चवीवर जेवते. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणणे गुन्हा आहे, आणि सिंगापुरातही तिच्यावर बंधने आहेत. खसखस लावलेले अनारसे किंवा खसखस घातलेले डिंकाचे लाडू पिशवीत असतील तर विमानतळावर भलतेच प्रकरण उभे राहू शकते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, तेही आखातात चालत नाही. मुलाची सर्व औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

लसींसाठी निघण्याच्या सहा आठवडे आधी यावे, आदल्या आठवड्यात नव्हे. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला परदेशी न्यायचे असेल तर एक जादा डोस लवकर देता येतो, पण तो नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नसतो. विषमज्वराची लस सहा महिन्यांनंतर, अ प्रकारच्या काविळीची वर्षानंतर. फ्लूची लस पहिल्यांदाच देत असू तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. सहा आठवडे म्हणतो ते याचसाठी.

आणि तलाव. हॉटेलात पोहण्याचा तलाव असला की लोक खूश होतात. लहान मूल बुडते तेव्हा ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही, दोन-तीन मिनिटांत संपते. खोलीचे दार तलावाकडे उघडत असेल तर खोली बदलून मागावी. मोटारीत मूल मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपली पद्धत तिकडे चालत नाही. अमिरातीत चार वर्षांखालील मुलाला मोटारीत वेगळी खुर्ची कायद्याने लागते, ती गाडी ठरवतानाच मागावी.

"मग डॉक्टर, एकच ठिकाण सांगा," असे कुणी म्हणाले तर मी दोन वर्षांखालील मुलासाठी सिंगापूर सांगतो. खिशाला जड आहे हे खरे. हिवाळ्यातली दुबई दुसरी, आणि खर्च आवरायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतली श्रीलंका. तिथे भात, नारळ, इडियप्पम असे मुलाला चालणारे अन्न जागोजाग मिळते. घाटातल्या वळणांनी उलट्या होतात तेवढ्या सोसाव्या लागतात.

परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत मुलाला ताप आला, पुरळ उठले किंवा जुलाब थांबेनात, तर दवाखान्यात शिरताच कोणत्या देशात, कोणत्या तारखांना, कुठे मुक्काम होता हे सांगावे. डासांच्या देशातून आलेल्या मुलाची रक्ततपासणी आम्ही पहिल्याच दिवशी करतो, वाट पाहत बसत नाही. आफ्रिकेतून आला असाल तर काही महिन्यांनी आलेल्या तापातही हे सांगायला विसरू नये. कागदावर लिहून आणलेत तर अधिक बरे.